चकचकीत गाडीवरचा कर

कचेरीत जाताना माणसाने धुतलेले कपडे घालावेत, दाढी करावी, खिशाला पेन लावावं, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण मोटारसायकल घेऊन कचेरीत जाताना मोटारसायकलीने मात्र आंघोळ केलेली नसावी, हे इतकं वय होईपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर एका दुपारच्या हेलपाट्यात सगळं मिटलं असतं. तसं झालं नाही. आता मी दमलोय, आणि दमलेला माणूस जसं सांगतो तसंच हे सांगणार आहे. मध्येच भरकटलो तर सांभाळून घ्या.

आमचं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला हललं. मी पालिकेत पाणीपट्टीच्या खिडकीवर बसतो. खिडकी तीच, जाळी तीच, फक्त इमारत अशा ठिकाणी की दोन बस बदलून पोचेपर्यंत सकाळीच संध्याकाळ झाल्यासारखं वाटावं. बसमधून उतरताना माझ्या शर्टाचं एखादं बटण आतच राहायचं. त्याच सुमारास डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझ्या सासऱ्यांना सांगितलं की आता गाडी चालवायची नाही. माझे सासरे शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. त्यांची मोटारसायकल त्यांच्या नोकरीहून फार लहान नसावी. काळी, जाड टाकीची, आणि टाकीवर दोन्ही बाजूंना एक बारीक सोनेरी रेघ. ती रेघ त्यांनी स्वतः ब्रशने मारलेली, पट्टी न लावता. दरवर्षी ते ती नव्याने ओढायचे.

गाडी मला घ्यायची होती आणि त्यांना मला द्यायची होती. म्हणजे वाद होण्याचं काही कारणच नव्हतं. वाद झाला तो फुकट द्यायची की विकायची यावर.

"फुकट दिली तर तुम्ही ती पावसात उभी कराल," सासरे म्हणाले. त्यांना मीही बाबाच म्हणतो. "पैसे मोजलेत की आपसूक छप्पर शोधाल."

मलाही फुकट नकोच होती. सासऱ्यांची गाडी फुकटात पटकावली हे वाक्य बायकोच्या माहेरी माझ्या नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरलं असतं. तेव्हा व्यवहार करायचा ठरलं. मग घासाघीस सुरू झाली, आणि तीसुद्धा उलटी. मी किंमत वाढवत होतो, ते कमी करत होते. "एवढे कशाला, जावईबापू?" "नाही बाबा, निदान एवढे तरी." शेवटी हिने, म्हणजे माझ्या बायकोने, चहाचे कप आपटत मध्ये पडून एक आकडा ठरवला. एका बऱ्यापैकी टेबलफॅनला जेवढे पडतात तेवढ्यात मोटारसायकल माझी झाली. रीतसर कागद केला, दोघांनी सह्या केल्या. बाबांना सहीची जागा दिसेना, तेव्हा मी कागदावर बोट ठेवलं आणि त्यांनी बोटाशेजारी सही केली.

आता पालिकेचा नियम असा आहे की दुकानातून नवी गाडी घेतली तर कर दुकानदारच कापून घेतो, पण एका माणसाने दुसऱ्या माणसाकडून जुनी गाडी घेतली तर घेणाऱ्याने स्वतः जाऊन वाहनकर भरायचा. त्याची पावती मिळाली की गाडी नावावर होते. नावावर झाल्याशिवाय ती रस्त्यावर काढता येत नाही, फक्त कचेरीपर्यंत दाखवायला न्यायची तेवढी मुभा. मला त्याची काडीचीही काळजी नव्हती. मी पालिकेचा माणूस. खिडकीच्या आतल्या बाजूचा.

कर भरायला जायच्या आदल्या दिवशी रविवार होता. मी आणि ही सकाळपासून गाडीला भिडलो. तिची धुराची नळी, चाकाच्या तारा, दिव्याची कड, सगळं पूड लावून घासलं. तारांमधला मळ काढायला ब्रश हवा म्हणून हिने एक ब्रश आणून दिला, तो माझा दातांचा होता हे मला रात्री कळलं. दुपारनंतर गाडी अशी दिसायला लागली की जाणारे-येणारे थांबून बघत होते. मी पायजम्याला हात पुसत उभा होतो. आयुष्यात माझ्या मालकीच्या वस्तूकडे कुणी थांबून बघितल्याचं मला आठवत नाही, तेव्हा थोडा वेळ मी जरा जास्तच उभा राहिलो.

वाहनकराच्या खिडकीवर एक बाई होत्या. चष्मा दोरीला बांधलेला, समोर पोळपाटाएवढा शिक्का. मी हसून सांगितलं, "मी पण आपल्याच पालिकेतला. पाणीपट्टी."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "पाणीपट्टी? आमच्या मीटरची तक्रार तुमच्याकडेच पडून आहे ना? बंद घरात एवढं पाणी कोण पितं म्हणून विचारलं होतं मी."

"बघतो मी," मी म्हणालो.

"बघताच आहात," बाई म्हणाल्या आणि माझा कागद ओढून घेतला. ओळख निघाली तर काम होतं म्हणतात. माझी ओळख निघाली तेव्हा बाईंनी पेनाचं टोपण पुन्हा लावलं.

मग त्यांनी विचारलं, "विकणारे तुमचे कोण?"

"सासरे."

"मग मुलीच्या नावावर का नाही घेतली? वडिलांकडून मुलीला गाडी गेली तर कर माफ आहे. सासऱ्याकडून जावयाला गेली तर पूर्ण. नियमात जावई परका."

हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा ही म्हणाली, "नियम करणाऱ्याला अनुभव दिसतोय." पण ते नंतरचं. तेव्हा मी खिडकीत वाकून विचारलं की आता बदलता नाही का येणार. बाई म्हणाल्या येईल की. गाडी आधी सासऱ्यांना परत विकायची, ती एक खरेदी, तिचा त्यांनी कर भरायचा. मग त्यांनी मुलीला द्यायची. मी सरळ उभा राहिलो.

कराचं कोष्टक भिंतीवर टांगलेलं होतं. गाडी जितकी जुनी तितका कर कमी, हे वाचून मला हायसं वाटलं. पण कोष्टकाच्या अगदी तळाशी, जिथे फार म्हाताऱ्या गाड्या येतात, तिथे घराला दोन दारं असावीत तसे दोन रकाने होते. एक 'मोडकळीस आलेले', दुसरा 'हौसेने जतन केलेले'. पहिल्याचा कर चहापाण्याइतका. दुसऱ्याचा बघून मी दुसरीकडे बघितलं.

"बघू चला," म्हणत बाई जागेवरून उठल्या. त्या खिडकीवरचं माणूस उठलेलं मागच्या रांगेने पहिल्यांदाच पाहिलं असावं, कारण सगळी रांग आमच्यामागून फाटकाशी आली. गाडी उन्हात उभी होती. बाई टाकीपाशी वाकल्या, टाकीत स्वतःचा चेहरा दिसला तसं कपाळावरचे केस मागे सारले आणि सरळ होत म्हणाल्या, "हौसेने जतन केलेले."

"अहो, पण मी ही टेबलफॅनच्या किमतीत घेतली!"

"किमतीशी आमचा संबंध नाही. आमचा संबंध गाडीशी."

कराचा आकडा गाडीच्या किमतीपेक्षा मोठा होता. बराच मोठा. रांगेतल्या एका गृहस्थाने तो माझ्या खांद्यावरून वाचला आणि सहानुभूतीने च्यक् केलं. दाद मागायची असेल तर काय, हे बाईंनीच सांगितलं: एक तर विकणाऱ्याने लिहून द्यायचं की विकली तेव्हा गाडी निकामी होती, किंवा तपासनीस घरी येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघणार आणि त्याला ती मोडकळीस आलेली वाटली पाहिजे. निकाल लागेपर्यंत कर थांबतो. पण तोवर गाडी घरी उभी ठेवायची, रस्त्यावर काढायची नाही.

गाडी आमच्या इमारतीच्या खाली, जिन्याशेजारच्या छपरात उभी राहिली आणि मी पुन्हा बसला लागलो.

आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. सगळी इमारत त्यांना सर्वज्ञ म्हणते. त्यांच्या समोर नाही, पण त्यांना माहीत आहे, कारण त्यांना सगळंच माहीत असतं. ते त्याच संध्याकाळी खाली आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "तुम्ही आजारी माणसाला सूट घालून दवाखान्यात नेलंत."

"मग आता?"

"सोपं आहे. सासऱ्यांकडून लिहून घ्या, निकामी होती म्हणून. एका सहीचं काम."

त्यांनी सोपं म्हटलेलं काम कुणाचं हे त्यांना माहीत नव्हतं. बाबांकडे आता फारसं काही उरलेलं नव्हतं. शाळा गेली, सासूबाई गेल्या, आता डोळेही चालले होते. या गाडीवरून त्यांनी संसार ओढला. ही दुसरीत असताना टाकीवर बसून शाळेत जायची, ते अजून सांगते, आणि सांगताना दोन्ही हात पुढे धरून दाखवते. त्या माणसासमोर कागद धरायचा आणि म्हणायचं, बाबा, तुमची गाडी भंगार आहे असं इथे लिहा. हे मला जमण्यातलं नव्हतं. कराइतके पैसे उभे करणंही जमण्यातलं नव्हतं. मला जे जमणार नाही त्या दोन्हींच्या बरोबर मध्ये मी उभा होतो.

"सही नको," मी सर्वज्ञांना म्हणालो. "तपासनिसालाच दिसू दे."

"मग दिसेल असं करा," ते म्हणाले आणि स्वतः बादलीत माती कालवायला बसले. असल्या कामाला त्यांचा हात अगदी तयार होता. चाकांवर, टाकीवर, सीटवर त्यांनी चिखलाचा हात फिरवला, वर कोरडी धूळ उधळली. सोनेरी रेघेपाशी मी म्हणालो, तेवढी राहू दे. ते म्हणाले, तीच तर घात करते. मी तोंड फिरवून वर निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर गाडी आरशासारखी लखलखत होती.

बाबा आले होते. त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. संध्याकाळी फिरायला म्हणून निघाले, गाडी बघू म्हणून वळले, हात फिरवला तर बोटांना माती लागली. मग त्यांनी आमच्याच नळाचं पाणी घेऊन ती धुतली, पुसली, खिशातल्या फडक्याने घासली. "जावईबापू, बसचा चिखल उडतो वाटतं इथपर्यंत," ते जाताना म्हणाले. माझ्यावर नाराज असतील, पण आवाजात तसं नव्हतं. मी म्हणालो, "हो बाबा, उडतो."

त्यानंतर हा क्रमच झाला. सकाळी सर्वज्ञ माती लावायचे, संध्याकाळी बाबा धुवायचे. दोघेही माझ्यावर उपकारच करत होते. मध्ये मी. तपासनीस कधी येतील ते कळवण्याची पद्धत नव्हती. ते सकाळी आले तर मी वाचलो, संध्याकाळी आले तर बुडालो. सर्वज्ञांनी एकदा गाडी छपराबाहेर कबुतरांच्या वळचणीखाली लावून बघितली. कबुतरांनी काम चोख केलं. बाबांनी संध्याकाळी गरम पाण्याने पुसलं आणि सीटला जुनी चादर घातली, चौकोन शिवून, कोपऱ्यांना नाड्या लावून.

"अहो, त्यांना सांगून टाका ना एकदाचं," ही म्हणाली.

"काय सांगू?"

ही भाजी निवडत होती. देठ मोडत म्हणाली, "त्यांना इथे यायला आवडतंय. गाडी दिल्यापासून घरात नुसते बसून असायचे. आता चार वाजले की फडकं शोधतात." मग निवडलेली भाजी आणि काढलेले देठ तिने एकत्रच पातेल्यात टाकले आणि पुन्हा पहिल्यापासून निवडायला बसली.

सर्वज्ञ आता इरेला पेटले होते. "दिसण्यात ते तुम्हाला हरवतायत, पण चालण्यात नाही हरवू शकत," ते म्हणाले आणि मला कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे घेऊन गेले. मेकॅनिकने सगळं ऐकून घेतलं, कानातली काडी काढली आणि विचारलं, "म्हणजे दुरुस्त नाही करायची?"

"नाही. जरा बिघडवायची. तात्पुरती. चालू होऊ नये एवढंच."

"त्याचे जास्त लागतात," तो म्हणाला. "दुरुस्त करायची सवय आहे, बिघडवायला विचार करावा लागतो."

तो छपरात येऊन काहीतरी सैल करून गेला. मी लाथ मारून बघितली. गाडी खोकली आणि गप्प बसली. मला इतका आनंद झाला की मीच मनात चरकलो. गाडी चालू होत नाही म्हणून खूश होणारा मालक जगात मी एकटाच असणार.

तपासनीस आले ते सकाळीही नाही आणि संध्याकाळीही नाही. दुपार संपता संपता, मी डोकं दुखतंय म्हणून लवकर घरी आलो होतो त्या दिवशी. चालून चालून टाचा झिजलेल्या चपला, घामाने काळी पडलेली कॉलर, हातात फळीला लावलेला कागद. त्यांनी पाणी मागितलं, दोन भांडी प्यायले आणि एक निःश्वास टाकला. मला त्यांच्याबद्दल लगेच आपुलकी वाटली. आपल्यासारखाच दमलेला माणूस.

गाडीवर सकाळचा चिखल शाबूत होता. सर्वज्ञ आवाज ऐकून खाली आले आणि माझ्या शेजारी वकिलासारखे उभे राहिले.

"चालू होते?" तपासनिसांनी कागदावरून विचारलं.

"कसली होते! ढकलत न्यावी लागते."

"धूर?"

"शेजारी खिडक्या लावून घेतात," सर्वज्ञ म्हणाले.

"ब्रेक?"

"असावेत असा अंदाज आहे."

मला आता जोर चढला होता. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं जिभेवर आलं. चाकं डुगडुगतात, दिवा लागत नाही, सीटमधून काथ्या टोचतो, मी सांगत गेलो आणि ते लिहीत गेले. कधी नव्हे ते एका कचेरीतला माणूस माझं ऐकून लिहून घेत होता.

"रंग मूळचाच?"

"कसला मूळचा! वर ही एक रेघ बघा, कुणीतरी हाताने कशीतरी फासलीय."

हे म्हणताना मी टाकीवरच्या चिखलातून अंगठा फिरवला, रेघ दाखवायला. आणि मला मागे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

बाबा जिन्याच्या खांबापाशी उभे होते. एका हातात फडकं. ते कधी आले ते कळलं नाही. किती ऐकलं असावं ते चेहऱ्यावरून कळत होतं, सगळंच ऐकलं होतं. सर्वज्ञांना अचानक वरच्या मजल्यावर दूध उतू जात असल्याचं आठवलं, पण ते गेले नाहीत, जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबले.

बाबा पुढे आले. गाडीकडे त्यांनी बघितलंच नाही, तपासनिसांकडे वळून म्हणाले, "विकणारा मी. यांनी सांगितलं ते बरोबर आहे साहेब. गाडी निकामीच होती. माझी सही लागत असेल ना? कुठे करू?"

तपासनिसांनी फळी पुढे केली. बाबांनी खिशातून पेन काढलं. कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जावईबापू, जरा बोट ठेवा. मला जागा दिसत नाही."

मी बोट पुढे नेलं. अंगठ्याला टाकीवरचा चिखल लागलेला होता आणि चिखलाखालून एखादा सोनेरी कण निघून आला होता. मला वाटतं त्या क्षणी माझ्या मनात कसलाही मोठा विचार नव्हता. एवढंच वाटलं की या कागदावर मला माझं बोट ठेवायचं नाही. मला लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत वाटली.

"साहेब," मी म्हणालो, "ते खोडा."

"काय खोडू?"

"सगळं. मी खोटं बोललो. गाडी उत्तम आहे."

"अहो!" पायरीवरून सर्वज्ञ ओरडले.

तपासनिसांनी पेन थांबवलं. त्यांचा चेहरा बघून मला त्यांची कणव आली. "आधी म्हणालात चालू होत नाही."

"होते," मी म्हणालो, आणि मला मेकॅनिक आठवला. आता चालू होणार नव्हतीच. खरं बोलायचं ठरवलं आणि त्याच दिवशी ते सिद्ध होऊ नये याची सोय मी स्वतः पैसे देऊन करून ठेवली होती. तरी मी सीटवर बसलो आणि लाथ मारली.

गाडी पहिल्याच लाथेला चालू झाली. छपरातली कबुतरं उडाली.

"काल संध्याकाळी बघितलं मी," इंजिनाच्या आवाजात बाबा मोठ्याने म्हणाले. "कुणीतरी तार सैल केली होती. बसवली मी. हाताला कळतं."

मी गाडी बंद केली. फडकं बाबांच्या हातातून घेतलं, बादलीत बुडवलं आणि टाकी पुसायला लागलो. तिथे सगळ्यांसमोर. एका बाजूची रेघ स्वच्छ झाली तसा मी म्हणालो, "साहेब, ही रेघ यांनी पट्टीशिवाय मारलीय. बघा, कुठे हललीय का."

तपासनीस वाकले. खरोखर वाकून त्यांनी ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. "नाही हलली," ते म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरासा जागा झाल्यासारखा वाटला. मग पुन्हा दमला. "पण मग माझी पंचाईत आहे. हौसेने जतन केलेली गाडी उभी असेल तर एक कर. पहिल्या लाथेला चालू होत असेल तर त्याच्यावर आणखी, 'चालू स्थितीत' म्हणून. तुम्ही कर कमी करायला मला बोलावलंत."

"हो."

"वाढणार."

"लिहा."

सर्वज्ञ पायरीवर बसले. त्यांच्या सल्ल्याचं इतकं वाटोळं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पूर्वी कधी पाहिलं नसावं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. मनात मी भिशीचा विचार करत होतो, ऑफिसातून मिळणाऱ्या उचलीचा, आणि दिवाणखान्यासाठी घ्यायचं ठरलेल्या टेबलफॅनचा, जो आता पुढची काही वर्षं तरी घरात येणार नव्हता. वर गॅलरीत ही उभी होती. कठड्यावर दोन्ही हात पुढे धरून.

तपासनिसांनी खोडाखोड केली, नवा कागद घेतला, आकडेमोड केली आणि आकडा वाचला. मी ओठ आवळून मान हलवली.

बाबांनी कानाशी हात नेला. "किती म्हणालात?"

त्यांनी पुन्हा सांगितला.

"गाडीची किंमत?"

"छे, किंमत नाही. नुसता कर. किंमत आमच्या हिशेबाने याच्या कितीतरी पट धरतात."

"म्हणजे तुमच्या कचेरीने धरली? अधिकृत?"

"अधिकृत," तपासनीस म्हणाले आणि शिक्का उमटवला.

बाबांनी टाकीवर हात ठेवला, रेघेवरून एक बोट सावकाश फिरवत पुढपर्यंत नेलं, आणि माझ्याकडे वळले. आधी मला वाटलं ते रागावलेत. मग दिसलं की ते हसू दाबतायत आणि ते काही केल्या दाबलं जात नाहीये.

"जावईबापू," ते म्हणाले, "म्हणजे मी तुम्हाला फारच स्वस्तात दिली हो."

"हो बाबा," मी म्हणालो. "फसलात तुम्ही."